अष्टमी की नवमी

आत्या, तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, आणि मी तुझ्या खोलीत बसून तुला लिहितोय. तुझ्या खुर्चीवर बसायचा धीर होत नाही, म्हणून शेजारच्या वेताच्या मोड्यावर बसलोय. दुपारी गुरुजींनी निघताना, चपला शोधता शोधता विचारलं, "वर्षश्राद्धाची तिथी कोणती धरायची?" सगळ्या घरांत हा प्रश्न विचारतात आणि सगळ्या घरांत त्याचं उत्तर तयार असतं. मला ते लगेच देता आलं नाही.

इंदूरच्या सुदामा नगरातल्या निम्म्या मराठी घरांच्या तिथ्या तुझ्या तोंडावर होत्या. कुणाचे सासरे कधी गेले, कुणाच्या मुलाचा तिथीनं वाढदिवस कधी येतो, हे त्या घरातली माणसं तुला विचारायला यायची. आणि तुझीच तिथी कुणाला सांगता येईना. तू गेलीस त्या सकाळी सूर्य उगवला तेव्हा अष्टमी होती, आणि उन्हं जिन्यापर्यंत आली तोवर नवमी लागली होती. त्याच मधल्या वेळात कधीतरी तू या खुर्चीत बसलीस, चहाचे दोन घोट घेतलेस आणि गेलीस. हाकसुद्धा मारली नाहीस. मी खाली आलो तेव्हा कप कोमट होता.

दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, एका दिवसाचा तर फरक, त्यात काय एवढं. पण दर वर्षी आजोबांचं श्राद्ध आटोपलं की तू मोरीत हात धुता धुता मला सांगायचीस, "मंदार, माझी चुकवू नकोस." मी हो म्हणायचो. तू अजून पुष्कळ आहेस, असं मनात धरून म्हणायचो.

हे तू का सांगायचीस ते मला ठाऊक आहे, आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही ठाऊक व्हावं म्हणून लिहितो. आजोबा, म्हणजे तुझे वडील, नोकरीच्या गावी मंदसौरकडे वारले. तू तेव्हा परकराच्या वयाची होतीस. तिथल्या पंडितजींनी तिथी सांगितली, चैत्र कृष्ण सप्तमी. आजी मुलांना घेऊन इंदूरला परत आली आणि आपल्या मराठी पंचांगात चैत्र वद्य सप्तमी बघून दर वर्षी श्राद्ध करू लागली. गुढीपाडवा व्हायचा, रामनवमी व्हायची, हनुमान जयंती व्हायची, आणि मग आजोबांचं पान वाढलं जायचं. कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

आपला महिना अमावास्येला संपतो. माळव्यातल्या लोकांचा पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, आणि वद्य पक्ष आला की ते एक महिना पुढे असतात. चंद्र तोच, तिथी तीच, फक्त महिन्याचं नाव निराळं. पंडितजींचा चैत्र म्हणजे आपला फाल्गुन होता. पुण्यातल्या माणसाकडून ही चूक व्हायची नाही, कारण तिथं सगळेच एका महिन्यात राहतात. उज्जैनच्या माणसाकडूनही व्हायची नाही. ती फक्त आपल्यासारख्यांकडून होणार, घरात मराठी पंचांग आणि दारात हिंदी पंडित असलेल्यांकडून.

तू कॉलेजात गेलीस तेव्हा कधीतरी हे तुझ्या ध्यानात आलं. पण ध्यानात येणं निराळं आणि खात्री होणं निराळं. पंडितजी कुठल्या पंचांगातून बोलले हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मग तू आजीला एकच गोष्ट विचारलीस, त्या वर्षी गुढी उभारली होती का? आजी म्हणाली, छे गं, सुतक नव्हतं का. तू म्हणालीस, म्हणजे बाबा पाडव्याच्या आधीच गेले होते. आजी भाजी निवडत होती. तिच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा तिनं हातातली भाजी खाली ठेवली.

"म्हणजे ते दर वर्षी वेळेवर येऊन गेले असतील," ती म्हणाली, "आणि घरात काहीच शिजलेलं नसेल."

हे वाक्य तू मला किती वेळा सांगितलंस, आणि प्रत्येक वेळी तुझा आवाज आपोआप बारीक व्हायचा. पितृपक्षातली सप्तमी मात्र बरोबर होती, कारण तिथी बरोबर होती, महिना तेवढा चुकला होता. वर्षातलं ते एक जेवण त्यांना मिळत राहिलं, असं तू आजीला समजावलंस. तिला ते पटलं की नाही तुला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या वर्षीच्या सुट्टीत तू पंचांग घेऊन बसलीस आणि मग उठलीच नाहीस, असं माझे बाबा म्हणायचे.

खरं म्हणजे माझी समजूत निराळी होती. मला वाटायचं पंचांग म्हणजे लग्नाचे मुहूर्त आणि राहुकाळ. लोकही तुझ्याकडे तेवढ्यासाठीच यायचे आणि तू त्यांना हात हलवत परत पाठवायचीस. कोपऱ्यावरच्या देशमुखांनी स्कूटर कधी घ्यायची ते विचारलं तेव्हा तू त्यांना म्हणालीस, चंद्र कुठं आहे ते मी सांगते, स्कूटर घ्यायची की नाही ते खिशाला विचारा. देशमुख चिडले नाहीत, चहा पिऊनच गेले. संकष्टीला मात्र तू कुणाला परत पाठवलं नाहीस. छापील पंचांगात चंद्रोदय मुंबईचा असायचा आणि आपल्याकडे चंद्र त्याच्या आधी वर येतो. तू वजाबाकी करून सांगायचीस आणि गल्लीतल्या बायका तेवढ्या लवकर जेवायच्या. खजराण्याच्या गणपतीला जाऊन आलेल्या, सकाळपासून उपाशी बायका. मुंबईचा चंद्र मुंबईला ठेवा, असं तू त्यांना सांगायचीस.

मी तिसरीत असेन. तिथी म्हणजे काय असं मी विचारलं आणि तू मला शाळेच्या मैदानावर घेऊन गेलीस. तू त्या शाळेत भूगोल शिकवायचीस, शिपाई तुला ओळखून होता, त्यानं रविवारी फाटक उघडून दिलं. मधोमध तू तुझी पिशवी ठेवलीस. ही पृथ्वी, म्हणालीस, म्हणजे आपण. तू सूर्य झालीस आणि पिशवीभोवती सावकाश चालायला लागलीस. मला चंद्र केलंस आणि पळायला सांगितलंस. मी तुझ्यापाशी आलो की अमावास्या, मी तुझ्यापुढे अमुक एवढा गेलो की प्रतिपदा, आणखी तेवढा गेलो की द्वितीया, आणि तू एका टोकाला आणि मी बरोबर समोरच्या टोकाला असलो की पौर्णिमा. मग मी पळत पळत पुन्हा तुला गाठायचो. मैदानात धूळ उडत होती, तुझ्या साडीला माती लागली होती, आणि तू मोठ्यांदा तिथ्या म्हणत होतीस.

मी दमून पिशवीपाशी बसलो आणि वर पाहिलं. भर सकाळी आकाशात पांढरा, पुसट चंद्र होता. त्या वयापर्यंत दिवसा चंद्र दिसतो हे मला माहीत नव्हतं. मी घाबरलो. हा तिकडे खरोखरचा पळतोय, कुणी बघत नसतानाही, असं मला वाटलं. तू हसली नाहीस. तू माझ्याशेजारी मातीत बसलीस आणि तूही वर बघत राहिलीस. तुझं वय तेव्हा आजच्या माझ्या वयाएवढंच असेल, आणि तू माझ्याइतकीच थक्क झालेली होतीस.

पाच अंगं म्हणून पंचांग. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. पहिली तीन तू माझ्याकडून पक्की करून घेतलीस. योगापाशी मी अडकलो तो अजून तिथंच आहे. करण म्हणजे अर्धी तिथी, एवढंच लक्षात आहे. तू म्हणायचीस, तीन पायांवर स्टूल उभं राहतं, तुझं भागेल.

आणि राठौर भिया. आपल्या शेजारच्या घराचे मालक, कापडाचे जुने व्यापारी, राजवाड्यापाशी दुकान. तुमच्या दोघांचं भांडण माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागायचा, आणि तू नेमकी त्या पंधरवड्यात वांग्याचं भरीत करून कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांना विचारायचीस, चालतं का. ते कानाला हात लावायचे. मग त्यांचा महिना संपून ते मोकळे व्हायचे तेव्हा तुझा श्रावण अर्ध्यावर असायचा, आणि ते कांद्याची कचोरी घेऊन भिंतीपाशी उभे राहायचे. पाडव्याला तर सोहळाच असायचा. तू अंगणात कडुनिंबाची चटणी सगळ्यांच्या हातावर ठेवून नव्या वर्षाचं पंचांग वाचायचीस, आणि राठौर भिया पलीकडून म्हणायचे, बैनजी, आपका चैत्र पंद्रह दिन लेट चलता है.

"लेट नहीं चलता राठौरजी," तू म्हणायचीस. "तुमचा महिना आधी सुरू होतो आणि साल बीच में से. आधा चैत्र पुराने साल का, आधा नए का. ये कौन सा हिसाब हुआ?"

ते चटणी तोंडात टाकून तोंड वेडंवाकडं करायचे आणि घरात जायचे. पण त्यांच्या घरी कुणाचं काही अडलं तर ते तुझ्याकडेच येत. तूही त्यांच्या घरची प्रत्येक तिथी त्यांच्याच महिन्याच्या नावानं सांगायचीस, आपल्या नाही.

तू मला उज्जैनच्या वेधशाळेत नेलंस ते आठवतंय? मी बारावीत होतो आणि मला तिकडे यायचं नव्हतं. मला अशा सहलींचा कंटाळा होता. तिथं ती उंच दगडी भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाकलेल्या कडा, त्यांवर रेघा. भिंतीची सावली त्या रेघांवर पडलेली. तू म्हणालीस, सावलीच्या कडेवर नजर ठेव, पापणी पाडू नकोस. मी वैतागून बघत राहिलो. आणि सावली सरकली. माझ्या डोळ्यांदेखत एक रेघ सोडून पुढच्या रेघेकडे गेली. म्हणजे पृथ्वी फिरते हे मला माहीत होतं, मार्कांपुरतं माहीत होतं, पण ती फिरताना मी पहिल्यांदा पाहिली. माझ्या अंगावर काटा आला. त्या वयातल्या पोरानं असं काही कबूल करायचं नसतं, म्हणून मी पाणी प्यायला गेलो.

परत येताना बसमध्ये मी विचारलं, हे सगळं पहिल्यांदा केलं कुणी? तुझं उत्तर मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं.

"कुणा एकानं नाही रे," तू म्हणालीस. "कुणीतरी शेतात उताणं पडून बघितलं, लेकाला सांगितलं. लेकानं पुढचं बघितलं. शनी एका जन्मात फार तर दोनदा-तीनदा फिरून येतो. एकट्याच्यानं होणार आहे का हे?"

मग तू उज्जैनबद्दल सांगत राहिलीस. आपले जुने ज्योतिषी पृथ्वीवरची मधली रेघ उज्जैनवरून धरायचे, तिथल्या सूर्यावरून साऱ्या देशाची वेळ काढायचे. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा छोटं पडतं, ते तसंच सोडून दिलं तर दिवाळी सरकत सरकत आंब्याच्या दिवसांत आली असती, म्हणून काही वर्षांनी एक अधिक महिना घालून दोघांची गाठ घालायची. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्याकडे काच नव्हती, दुर्बीण नव्हती. डोळे होते आणि त्यांच्या मागून बघणारं कुणीतरी होतं. बसमध्ये समोरच्या सीटवरचे एक आजोबा मान वळवून तुझं ऐकत होते. वाटेतलं त्यांचं गाव सांवेर आलं तरी उतरले नाहीत, पुढं इंदूरला उतरले. मला तेव्हा लाज वाटली होती. आज वाटतं, त्यांना विचारायला हवं होतं, काय कळलं म्हणून.

माझ्या एकोणिसाव्या वाढदिवसाला सगळ्यांनी केक आणला आणि तू मला दिवेलागणीला गच्चीवर घेऊन गेलीस. चंद्राशेजारी एक तांबूस तारा होता. ही रोहिणी, तू म्हणालीस. एकोणीस वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा भेटतात. "तू जन्मलास त्या संध्याकाळी मी दवाखान्याच्या दाराशी उभी होते आणि चंद्र इथंच होता, याच ताऱ्यापाशी." खाली सगळे गाणं म्हणायला हाका मारत होते. मी त्या ताऱ्याकडे बघत होतो आणि मला वाटलं, कुणीतरी माझी जागा एवढी वर्षं राखून ठेवली होती. मला रडू आलं. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि मग आपण केक खायला खाली आलो.

एक भांडण मात्र आपलं राहून गेलं. मी सॉफ्टवेअरवाला. फोनमध्ये सगळं पंचांग येतं, इंदूरच्या सूर्योदयासकट, हे मी तुला दाखवलं तेव्हा मला वाटलं तू नाक मुरडशील. तू वर्षभर तुझी वजाबाकी आणि फोन शेजारी शेजारी ठेवून तपासलंस आणि शेवटी लहान मुलासारखी खूश झालीस. अगदी बरोबर सांगतो रे, म्हणालीस. मग मी म्हटलं, आता कशाला ते पंचांग उघडायचं. तू म्हणालीस, फोन तुला आकडा सांगतो, वर बघायला सांगत नाही. मी म्हटलं, वर बघून करायचंय काय? यावर तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी विचारलं होतं, जेवून करायचंय काय. पुढं कुणीतरी आलं आणि विषय सुटला. दुसरंही एक विचारायचं राहिलं. मुहूर्त तू मानत नव्हतीस, मग तिथी का मानत होतीस? आजोबा खरंच जेवायला येतात असं तुला वाटायचं का? विचारलं असतं तर तू टाळलं नसतंस. मीच आज विचारू, उद्या विचारू करत राहिलो, कारण तू होतीस.

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी राठौर भिया फाटकाशी आले. आत येईनात. दाढी वाढलेली, हातात काठी. मी बाहेर गेलो तर म्हणाले, उस सुबह मैंने बैनजी को देखा था. ते रोजच्यासारखे सूर्याला पाणी द्यायला लोटा घेऊन गच्चीवर चढले होते, आणि तू आपल्या गच्चीवर होतीस.

"सूरज अभी-अभी निकला था," ते म्हणाले. "बैनजी दक्खिन में मुँह करके खड़ी थीं, चाँद देख रही थीं. मैंने कहा, बैनजी, सूरज इधर है. बोलीं, वो तो रोज पूरा आता है राठौरजी, इसको देखना पड़ता है."

मग तू त्यांना नमस्कार करून खाली उतरलीस, आणि ते पाणी देऊन खाली उतरले. कुणाशीही बोललेलं तुझं हे शेवटचं बोलणं. ते माझ्या वाट्याला आलं नाही, तुझ्याशी जन्मभर भांडलेल्या माणसाच्या वाट्याला आलं. पहिल्या क्षणी मला वाईट वाटलं. मग वाटलं, बरंच झालं. मी असतो तर तुला म्हटलं असतं, थंडी आहे, खाली ये.

त्या दिवसापासून मी रोज पहाटे गच्चीवर गेलो. तुझी सून मृणाल म्हणाली, सर्दी होईल. झाली. पण गेलो. तू पाहिलास तो चंद्र अर्ध्याहून किंचित कमी होता, दक्षिणेला, उजळ कड पूर्वेकडे. मी पहिल्यांदा गेलो तोवर तो आणखी बारीक आणि सूर्याच्या बाजूला सरकलेला. रोज तेवढाच सरकायचा, जेवढं तू मला मैदानात पळवून दाखवलं होतंस. शिवरात्रीच्या सुमाराला अगदी नखाएवढा, पूर्वेच्या लालीत बुडालेला. मग एक पहाट अशी आली की तो नव्हताच. मला ठाऊक होतं की नसणार, तरी मी पंचांग हातात घेऊन वेड्यासारखा शोधत उभा राहिलो. सूर्य वर आला आणि मला कळलं, तो त्या उजेडातच आहे, सूर्यापाशी पोचलाय. पुढं बीजेच्या संध्याकाळी मी पश्चिमेला, टाकीच्या डाव्या अंगाला नजर लावून बसलो. आकाश मावळतीचं, फिकट. कोर कधी आली ते दिसलं नाही. नव्हती आणि होती. मी मृणालला हाक मारली, ती पदराला हात पुसत वर आली, आणि आम्ही दोघं ती मावळेपर्यंत उभे होतो. हजारो वर्षं ती अशीच वेळेवर येतेय, आणि कुणीतरी ते आधी सांगून ठेवलंय. आत्या, इतकी मोठी गोष्ट आपल्या गच्चीवरून फुकट दिसते आणि मी चाळिशी ओलांडेपर्यंत तिच्याकडे पाठ करून फोन बघत होतो. वर बघून करायचंय काय, हा प्रश्न मी मागे घेतो.

आज तेराव्याला राठौर भिया आत आले. जेवले नाहीत, हातावर साखर घेतली. गुरुजी तिथीचं विचारत होते ते त्यांनी ऐकलं. त्यांच्या हिशेबानं तू गेलीस तो पक्ष म्हणजे फागुन कृष्ण. मुलाला सोबत आणलं होतं, त्याला म्हणाले, लक्षात ठेव, बैनजी माघ में गई हैं. मुलगा बिचारा म्हणाला, बाबूजी, अपना तो फागुन था. "अपना होगा," ते म्हणाले. "बैनजी का माघ था." आणि काठी टेकत निघून गेले. इतक्या वर्षांच्या भांडणात त्यांनी तुला एक दिवससुद्धा सोडला नव्हता, आणि आज आख्खा पंधरवडा देऊन गेले.

महिना असा ठरला. तिथी राहिली. गुरुजी भले माणूस. म्हणाले, वेळ नक्की नसेल तर त्या महिन्याची अमावास्या धरा, शास्त्राला मान्य आहे, मनाला रुखरुख नको. मृणाल म्हणाली, अष्टमी आणि नवमी, दोन्ही दिवस पान वाढू या, आत्यांना दोनदा जेवू दे. तिनं मायेनं सांगितलं, पण मला तुझा चेहरा दिसला. अंदाजपंचे कारभार तुला कधी खपला नाही. आणि अमावास्या तर नाहीच. अमावास्या ज्यांचं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी असते. तुझं काय ठाऊक नाही आम्हाला?

तुझा श्वास कुठल्या क्षणाला थांबला ते मला खरोखर माहीत नाही, आत्या. माझ्या फोनलाही माहीत नाही आणि पंचांगातही नाही. चहाचा पहिला घोट अष्टमीचा होता, दुसरा नवमीचा असेल किंवा नसेल. पण तू शेवटचं मान वर करून काय पाहिलंस त्याला साक्षीदार आहे. तो अष्टमीचा चंद्र होता. मी गुरुजींच्या मागे फाटकाबाहेर गेलो, त्यांची स्कूटर सुरू झालेली थांबवली, आणि सांगितलं, माघ वद्य अष्टमी. त्यांनी विचारलं, नक्की? मी नक्की म्हणालो. तुझ्यासारख्या ठाम आवाजात म्हणायचा प्रयत्न केला.

पुढच्या माघात, अष्टमीला, मी तुझं पान वाढीन. वांग्याचं भरीत करू. चुकलं असेल, आणि तू नवमीची असशील, तर तशीच राहू नकोस. ये आणि माझ्यावर ओरड, सगळ्यांदेखत ओरड. मी दोन्ही दिवस दार उघडं ठेवीन.